कोठीमागची जागा

आमचे सर कोणाच्याही घरी गेले की आधी तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्या घरी रुसाले जागा कुठी हाय?"

एवढं विचारून ते गळ्यातला मफलर सारखा करायचे आणि डोळे मिटून उत्तराची वाट बघत बसायचे. घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कोणी घाईघाईनं न्हाणीघराकडे बोट दाखवायचं. कोणी म्हणायचं, "सर, देवघर दाखवू का?" सर डोळे न उघडता मान हलवायचे. त्यांना न्हाणीघरही नको असायचं आणि देवघरही. घरातलं माणूस रुसलं की ते कुठं जाऊन बसतं, एवढंच त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं.

सर बुलडाण्यातल्या एका लहानशा बालगृहाचे अधीक्षक होते आणि मी त्या बालगृहातली मुलगी. माझी आई गेली होती. वडील होते, पण ते वर्षातून कधीतरी यायचे, माझ्या डोक्यावरून हात फिरवत रडायचे आणि बसस्टँडच्या दिशेनं निघून जायचे. ते असल्यामुळे मला कोणी दत्तक घेऊ शकत नव्हतं. अशा मुलांसाठी वेगळी सोय असते. एखाद्या कुटुंबानं मूल घरी न्यायचं, आपल्या लेकरासारखं वाढवायचं, आणि त्याचे आईबाप सावरले तर परत द्यायचं. सरकारी कागदांत तिला भलंमोठं नाव आहे. सर तिला 'स्थळ' म्हणायचे. "तुह्यासाठी एक स्थळ पाहून राह्यलो," असं ते आठ वर्षांच्या पोरीला अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे आणि आठ वर्षांची पोरही लाजायची.

पण स्थळं मिळत नव्हती. लोकांना तान्हं बाळ हवं असायचं, तेही कायमचं. मोठं झालेलं, कोणाचं तरी असलेलं, उद्या परत जाऊ शकणारं मूल कोण घरात घेणार? सर मोताळ्याच्या बाजारात जायचे, वरवट बकालच्या बाजारात जायचे, कांद्याच्या ढिगाशी उभं राहून माणसांना विचारायचे. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर होते, म्हणून ते बोलणं मला पाठ आहे.

"एक लेकरू हाय. ठिवता का घरी?"

"दत्तक?"

"दत्तक नाई. वाढवाचं. पुढं त्याचा बाप सावरला तं त्याले द्याचं."

"म्हंजे खाऊ घालाचं, जीव लावाचा, अन् मंग देऊन टाकाचं? काऊन जी?"

हा 'काऊन', म्हणजे 'का', सर प्रत्येक बाजारात ऐकायचे. ते वाद घालत नसत. नाही म्हणणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याकडून काहीतरी विकत घ्यायचे, अर्धा किलो कांदे, नाहीतर मेथीची जुडी. संध्याकाळी सर पायऱ्या चढून यायचे तेव्हा आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतच नसू, पिशवीकडे बघायचो. पिशवी भरलेली असली की समजायचं, आज पुष्कळ लोकांनी नाही म्हटलं. लहानपणी मी जेवढी मेथी खाल्ली तेवढी कोणी खाल्ली नसेल.

बालगृह घाटाच्या काठावर होतं. आज डोळ्यांपुढे आणायला गेलं की त्याच्या भिंती मला नीट दिसत नाहीत, कारण माझ्या आठवणीत तिथं सदा धुकंच असतं. श्रावणात खालच्या रानातून ढग वर चढायचे आणि सरळ आमच्या ओसरीत शिरायचे. ताटं दिसेनाशी व्हायची, शेजारी बसलेलं पोरगं दिसेनासं व्हायचं. मग त्या पांढऱ्यात कुठून तरी सरांचा आवाज यायचा, "पाहुने आले रे! चटई टाका त्यांले!" आम्ही खरंच ढगासाठी चटई टाकायचो. मावशी, म्हणजे आमचा स्वयंपाक करणारी बाई, कपाळावर हात मारून घ्यायची, कारण चटई ओली व्हायची आणि वाळत घालावी लागायची तिला. ढग घटकाभर बसून निघून गेला की सर म्हणायचे, "पाहा, कसा गेला. काही मांगलं नाई, कोनावर रागावला नाई, तोंड वाकडं केलं नाई. पाहुना असाच राह्यते. तुमी पाहुने नोका होऊ, राजेहो."

आम्ही मात्र सगळे पाहुणेच होतो. वाढदिवस साजरा करायला केक घेऊन लोक यायचे, आम्ही ओळीनं बसून गोड हसायचो. कोणी मांडीवर घेतलं तर तितकंच गोड हसायचो. पाणी प्यायचं तरी विचारून प्यायचं, चप्पल काढायची तर दाराकडे तोंड करून, म्हणजे निघताना वेळ लागत नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. कोणाच्याच घरी न राहिलेल्या लेकरांना ते आपोआप येतं.

सरांना हे कसं कळलं तेही सांगते. आमच्यातली एक मुलगी चिखलीकडच्या एका घरी गेली होती आणि काही महिन्यांत परत आली. ज्यांनी परत आणलं ती माणसं वाईट नव्हती. ती बाई आमच्या ओसरीत बसून रडत होती. म्हणाली, "सर, पोट्टीनं काहीच केलं नाई. तेच तं. चोरी करती, भांडती तं मी समजली असती. पन हे काहीच करत नाई. आमाले घरात लॉज काढल्यावानी वाटून राह्यलं." मुलगी शेजारी उभी होती. तिनं त्या बाईंना पाणी आणून दिलं.

त्यानंतर सर दोन दिवस ओसरीवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडून राहिले. मग एका रविवारी आंघोळी झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं आणि जाहीर केलं की आजपासून दर रविवारी रुसण्याचा तास.

"लपून रुसाचं नाई," हा पहिला धडा. "कोनाले दिसलंच नाई तं मनवाले येईन कोन? भिताडाकडे तोंड कराचं, पन पाठ दिसली पायजे. पहिल्या हाकेले उठाचं नाई. दुसऱ्या हाकेले हूं नाई का चूं नाई. तिसऱ्या हाकेले उठाचं, पन तोंड वाकडं ठिवूनच. अन् तिसऱ्या हाकेले उठाचंच बरं का. त्याच्या पुढं ताणलं तं ते रुसनं नाई राहत, भांडन होते."

मग ते स्वतः करून दाखवायचे. उंच, वाळका माणूस, लांब नाक, गळ्यात तो मफलर. ओसरीच्या खांबाकडे तोंड करून असे काही बसायचे की त्यांच्या पाठीकडे बघून आम्हाला हुंदका यायचा. आम्ही हाका मारायचो, "सर, जेवाले चाला." पाठ हलायची नाही. "सर, चाला ना जी." नाकातून एक बारीक सुस्कारा. तिसऱ्या हाकेला ते उठायचे आणि असं तोंड करून ताटावर बसायचे की मावशीसुद्धा हसायची.

आमची पाळी आली की सगळं मुसळ केरात. आम्हाला रुसताच यायचं नाही. पहिल्या हाकेला आम्ही टुणकन उठायचो. एक पोरगं तर हाक यायच्या आधीच उठून ताटं मांडायला लागलं. मावशी म्हणायची, "सर, लेकरं गुनानं राहून राह्यले, कायले बिघडवता त्यांले?"

"गुनानं राह्यते तेच तं दुखनं हाय, बाई," सर म्हणायचे.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांना स्वतःला त्याची एकाच बाबतीत हळहळ होती. "मी नवरदेव असतो ना," ते रंगात येऊन सांगायचे, "तं मांडवात असा रुसलो असतो का वऱ्हाड जेवून, पान खाऊन घरी गेलं असतं, पन मी उठलो नसतो."

"अन् काय मांगलं असतं, सर? घड्याळ?"

सर डोळे मिटायचे. बराच वेळ विचार करायचे. मग म्हणायचे, "ते अजून ठरलं नाई."

माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं ते खामगावचं. मोठं घर होतं, खाली-वर खोल्या, आणि वरच्या एका खोलीत फुलाफुलांची चादर घातलेला पलंग. ती खोली मला दाखवली तेव्हा मी पलंगाला हातही लावला नाही, नुसती उभी राहिले, पण मनानं मी तिथं झोपून उठलेसुद्धा होते. खाली आलो. सरांनी पाणी पिऊन आपला प्रश्न विचारला. घरचे गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्याकडे कोणी रुसत नाही, सर. घराला शिस्त आहे."

सरांनी अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. "बरं, येतो," म्हणाले आणि उठले.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी होते. फुलाफुलांची चादर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सर म्हणाले, "तुले जावं वाटत होतं ना तिथं?"

"चालेल, सर," मी म्हटलं आणि पाहुण्यांपुढे हसायचे तशी हसले.

"चालीन काऊन म्हनते? भांड ना माह्याशी. मी तुहं चांगलं स्थळ मोडलं."

मी आणखी गोड हसले. मग सर दुसरीकडे तोंड करून बसले ते बुलडाणा येईपर्यंत. तेव्हा मला वाटलं त्यांना झोप लागली. आता वाटतं, ते माझ्यावर रुसले होते आणि मला हाक मारायचं सुचलं नाही.

त्या नकारावरून, मुलं कोणाच्या घरी द्यायची ते ठरवणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी सरांना आमच्यादेखत सुनावलं. "मुलं तिष्ठत बसलीत, माणसं पुढे येत नाहीत, आणि आलेलं घर तुम्ही नाकारता? जागा कसली विचारता? डोक्यावर छप्पर आहे ना?" त्यांचं चूक नव्हतं. त्याच सुमारास आमच्यातला एक मोठा मुलगा कोणाच्याही घरी न राहता तसाच पुढच्या वसतिगृहात गेला. जाताना त्यानं सरांना नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमी लय केलं माह्यासाठी. आभारी हाय." चार दिवस राहून निघालेला पाहुणा म्हणतो तसं म्हणाला. सरांना ते इतकं लागलं की त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. मला आजही सांगता येणार नाही, सर बरोबर होते की त्या बाई. मला तेव्हा एवढंच कळत होतं की पलंग गेला.

मग मोताळ्याचं स्थळ आलं. काका शिंपी, पुढं दुकान आणि मागं घर. मूलबाळ नाही, वय उतरणीला लागलेलं. सरांनी प्रश्न विचारला तेव्हा काकूनं पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. "यांले इचारा," तिनं काकांकडे बोट केलं. "या घरात दुसरं रुसते कोन?"

काका खाली मान घालून शिलाई मशीनचं चाक फिरवू लागले. काकूनं आम्हाला आत नेलं. धान्याची पत्र्याची मोठी कोठी होती आणि तिच्या मागं, भिंतीला लागून, एक माणूस बसेल एवढी जागा. खाली दुमडलेलं पोतं. भिंतीला डोकं टेकून टेकून चुन्यावर तेलकट डाग पडलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथं बसलेल्या माणसाची पाठ बरोबर दिसेल, अशी.

सर वाकले, त्यांनी तो डाग बघितला आणि त्या पोत्यावर जाऊन बसले. चहाही त्यांनी तिथंच मागवला. घाट चढून परत येताना ते मफलरच्या आत काहीतरी गुणगुणत होते.

मी काकूकडे राहायला गेले. घाट उतरला की हवाच बदलते. खाली ऊन होतं, कपाशीची रानं होती, आणि धुकं वर डोंगरावरच राहून गेलं होतं. पण मी सगळं बरोबर घेऊन आले होते. चपला दाराकडे तोंड करून. पांघरुणाची घडी उजाडायच्या आत. माझी पिशवी मी रिकामी केलीच नाही, लागेल तो फ्रॉक काढायचा आणि धुऊन पुन्हा आत ठेवायचा. "पाणी पिऊ का, काकू?" हा प्रश्न मी इतका विचारला की शेवटी काकू उत्तरच देईना, नुसती बघायची. पाणी प्यायला तिनं मला एक पेला ठरवून दिला होता, काठाला पोचा आलेला. तो मी घासूनपुसून पालथा ठेवायची.

सर भेटायला आले तेव्हा काकूनं त्यांना सांगितलं. मी मागं कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

"सर, पोट्टी सोन्यासारखी हाय. पन मले असं वाटते का कोनी पाहुनं घरी आलं अन् जाऊनच नाई राह्यलं. रातच्याले मी हिले पांघरून घालाले जाते तं हे जागी. म्हनते, 'थँक्यू, काकू.' थँक्यू कायचं? मी काही हिची माय होऊन नाई राह्यली. तुमी हिले अशा घरी द्या जिथं हिचं मन लागीन."

सर खाकरले. मग म्हणाले, "दसरा होऊ द्या."

म्हणजे दसऱ्यानंतर मी परत जाणार होते. ओली चादर हातात धरून मी उभी होते आणि मला एकच उपाय सुचला. मी आणखी गुणी झाले. न सांगता अंगण झाडू लागले, दुकानातल्या चिंध्या गोळा करू लागले, जेवताना दुसऱ्यांदा भाजी घेईनाशी झाले. काकूचा चेहरा दिवसेंदिवस पडत चालला आणि मला वाटायचं, अजून कुठं तरी कमी पडतंय.

नवरात्रात काकूची भाची आली, मलकापूरहून. माझ्याच वयाची, दिवसभर धुडगूस घालणारी. तिनं पाणी मागितलं. काकू घाईत होती, तिनं हाताला लागला तो पेला भरून तिला दिला. तो पोचा आलेला.

  मी हातातला झाडू टाकला, झाडू पडल्याचा आवाज झाला, आणि मी तशीच चालत कोठीमागं गेले.

तिथं काका होते.

सकाळीच भाजीत मीठ जास्त झाल्यावरून त्यांचं आणि काकूचं वाजलं होतं, ते मला माहीत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय झालं, कोण बोललं, काही विचारलं नाही. ते पोत्यावर बाजूला सरकले.

मी बसले. कोठीला ज्वारीचा वास येत होता. भिंतीवरचा डाग माझ्या डोक्याच्या वर होता. थोड्या वेळानं काकूची हाक आली, "जेवाले या वो!" कोणी उठलं नाही, तशी ती बघायला आली आणि तिला दोन पाठी दिसल्या.

"अ माय," ती म्हणाली. "दोघं बी?"

मग तिनं मला हाक मारली, माझं नाव घेऊन. मी सवयीनं उठायला लागले, तोच काकांनी माझ्या फ्रॉकचं टोक धरलं. "थांब," ते भिंतीला सांगितल्यासारखं पुटपुटले. "अजून एक होऊ दे."

मी थांबले. दुसरी हाक आली. काकूचा आवाज बदलला होता. तिसऱ्या वेळी तिनं हाक मारलीच नाही, येऊन आमच्यामागं बसली. तिच्या हातात तो पेला होता, धुतलेला. "घे बाप्पा तुहा पेला," म्हणाली. "कोनी हात नाई लावनार याले. चाल आता." मी उठले. तोंड वाकडंच ठेवलं होतं, सरांनी सांगितलं होतं तसं, पण ते ठेवावं लागत नव्हतं, आपोआपच तसं राहिलं होतं. जेवताना मी दोनदा भाजी मागून घेतली.

काकूनं लगेच सरांना फोन लावला. "सर, रुसली!" ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "अवो, रुसली ना! झाडू फेकून देल्ला!" पलीकडे सर काहीच बोलेनात. फोन कटला की काय म्हणून काकूनं हॅलो हॅलो केलं, तेव्हा त्यांचा आवाज आला, "हळू बोला, बाई. तिले ऐकू जाईन." दसऱ्याला सर आले, सोनं वाटलं, पुरणपोळी खाल्ली आणि एकटेच परत गेले. माझी पिशवी काकूनं धुऊन दळणाला लावली.

वडील पुढं यायचे थांबले. मी काकूकडेच वाढले, शिकले, चिखलीला एका दवाखान्यात नोकरीला लागले आणि माझं लग्न ठरलं. सर तोवर निवृत्त होऊन सुलतानपूरला आपल्या भावाकडे राहायला गेले होते. निवृत्त कसले, बाजार फिरायचे थांबले नव्हते. काकांनी लग्नपत्रिकेचा फोटो काढून त्यांना मोबाईलवर पाठवला. सरांचं उत्तर आलं नाही.

लग्नाच्या दिवशी सर आले. ऐन उन्हाळ्यात मफलर. कोणाला रामराम नाही, काही नाही. पंगतीच्या अगदी समोर, सगळ्यांना दिसतील असे, मांडवाच्या कापडाकडे तोंड करून खुर्चीवर बसले. मुलाकडची माणसं घाबरली. "हे कोन? कोनाचं काय चुकलं?" काकांनी कपाळाला हात लावला, "म्या घरी जाऊन अक्षत नाई देल्ली त्यांले. फोटोच टाकला." मानाच्या माणसाला असं बोलावतात का? काका अक्षता घेऊन धावले. सरांची पाठ हलली नाही. नवरदेव स्वतः गेला, त्यानं पाया पडून विनवलं. नाकातून एक बारीक सुस्कारा आला, बस्स.

मग मी गेले. हळदीची, मुंडावळ्या सावरत. त्यांच्या पाठीमागं उभी राहिले आणि मला ओसरी आठवली, खांब आठवला, ढगासाठी टाकलेली चटई आठवली. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"सर, जेवाले चाला. काय पायजे तुमाले? घड्याळ?"

सर उठले. तिसऱ्या हाकेला उठायचंच असतं. पण तोंड वाकडं होतं आणि ते माझ्याकडे नाही, काकूकडे बघत होते.

"घड्याळ नको. अक्षत बी नको," ते म्हणाले. "आजपासून तुमची कोठीमागची जागा रिकामी होऊन राह्यली. ते मले पायजे."

काकूला लगेच समजलं. तिचा चेहरा उतरला. "नाई, सर. मले आता नाई जमत. हे आज चालली तं माह्या पोटात तुटून राह्यलं. पुन्हा कोनाचं लेकरू आनाचं, जीव लावाचा अन् पुन्हा देऊन टाकाचं. नाई."

"आज बी देऊनच राह्यल्या ना," सर हळूच म्हणाले. "सख्खी माय काय येगळं करते?" मग मफलर नीट करत, जरा थांबून म्हणाले, "एक पोट्टी हाय, आठ वर्साची. तिच्यासाठी लय बाजार फिरलो. लय गुनाची झाली हाय ते. मले भेव वाटते आता."

 काकूनं स्वतःच्या हातानं ताट वाढून आणलं, सरांपुढं ठेवलं आणि म्हणाली, "जेवा आधी." सर जेवले. वऱ्हाड निघालं तेव्हा मी काकूच्या गळ्यात पडून रडले, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसलं, सर आमच्याकडे पाठ करून मांडवाचं कापड बघत होते. ती पाठ रुसलेली नव्हती.

पावसाळ्यानंतर ती मुलगी काकूकडे आली. फोनवर काकू सांगायची, चपला दाराकडे तोंड करून. पांघरुणाची घडी. "थँक्यू म्हनते," काकू म्हणायची आणि तिचा आवाज बारीक व्हायचा. हिवाळा गेला तरी तेच. काकूचा धीर सुटत चालला होता.

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. मुलीला भेटायला आलेले सर बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले होते, मी आल्याचं कळूनही डोळे उघडेनात. मुलगी पाणी पीत होती. काकू माझ्या येण्यानं एवढी हरखलेली की तिनं मुलीच्या हातातला पेला काढून घेतला, विसळला, भरला आणि माझ्यापुढं केला. पोचा आलेला तो पेला. मी गप्पांच्या नादात पिऊनही टाकला.

मुलगी कुठं गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. ताटं वाढायची वेळ झाली तेव्हा मी तिला शोधत आत गेले. कोठीमागं, भिंतीकडे तोंड, पाठ बरोबर दिसेल अशी ती बसली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी, खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. ती माझी जागा होती.

"सरक जरा," मी म्हटलं.

तिनं वळूनही बघितलं नाही. "ही माही जागा हाय," ती म्हणाली.

मी कोठीच्या अलीकडं, नुसत्या फरशीवर बसले. बाहेर सर खाकरले. स्वयंपाकघरातून काकूची हाक आली, मुलीचं नाव घेऊन. मुलगी सवयीनं उठायला लागली.

मी तिच्या फ्रॉकचं टोक धरलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक होऊ दे."